पाठराखीण

“अगं पी गं बाये, आणखी एक पी,” सुचित्राने पाण्याच्या खोक्याकडे बोट दाखवत म्हटलं. बाटली स्वतः उचलून द्यायची नाही, खेळाडूनेच सीलबंद बाटली निवडायची, असा नियम होता. अल्माझने नको नको म्हणून मान हलवली, पोटावर हात ठेवला आणि खुदकन हसली. पोटात पाणी डचमळत होतं, पण लघवी होईल तर शपथ!

अल्माझ इथिओपियाची. मुंबईतल्या या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये बायकांत तिसरी आलेली. वरचे नंबर काढणाऱ्यांनी कसलं औषधबिवषध घेतलं नाही ना, हे बघायला त्यांची लघवी तपासतात. शर्यत संपल्यापासून नमुना हाती येईपर्यंत खेळाडूला नजरेआड होऊ द्यायचं नाही, म्हणून प्रत्येकीमागे एक व्हॉलंटियर बाई दिलेली. त्या कामाला भलतंच अवघड इंग्रजी नाव होतं. सुचित्राने लालबागच्या आपल्या चाळीत सरळ सांगून टाकलं होतं, “मी पाठराखीण म्हणून चाललेय.”

“कोणाच्या लग्नात गं?” शेजारच्या कौसल्यावहिनींचे डोळे लगेच चमकले.

“लग्न नाय ओ वहिनी. एका पळणारीच्या पाठी जायचंय. ती मुतेपर्यंत.”

सगळी गॅलरी खो खो हसली होती. हसेनात का! परळच्या मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून सुचित्राची हयात गेली. बोर्डाच्या परीक्षेत मुलींना बाथरूमला न्यायचं आणि दाराशी उभं राहायचं, हे काम तिच्याइतकं कोणी केलं नसेल. शाळेच्या खेळाच्या वैदेही मॅडमनी या कामासाठी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मी दुसरं केलंय काय जन्मभर?”

पण तिने हो म्हटलं त्याचं खरं कारण होतं अप्पा. अप्पा म्हणजे तिचे यजमान. माझगावच्या गोदीतून फिटर म्हणून रिटायर झाले आणि घरी बसून पेपर वाचायचा सोडून या वयात पळायला लागले. तेही थोडंथोडकं नाही, अख्खी मॅरेथॉन! गेल्या वर्षी पेडर रोडच्या चढावर गुडघ्याने दगा दिला आणि थकलेल्यांना गोळा करणाऱ्या बसमधून परत आले. एरवी ताटातल्या तळलेल्या बांगड्याशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस, पण नंतर कितीतरी दिवस कोणाशी बोलला नाही. बोलणाराच गप्प झाला की घर कसं खायला उठतं!

या वर्षी पुन्हा नाव घातलं, तेव्हा अप्पांनी तिला एकच गोष्ट सांगितली. घरात दोघं मालवणीत बोलत.

“तू फक्त शेवटाक दोरयेकडे उभी रव. तू दिसलंस की मी पोचतलंय.”

“आणि नाय दिसलंय तर?”

“मगे थंयच बसतलंय,” अप्पा म्हणाले आणि हसले. पण ते हसणं काही खरं नव्हतं, हे तिला कळत नव्हतं थोडंच!

तिचा हिशेब चोख होता. या परदेशी पोरी वाऱ्यासारख्या येतात, अप्पा त्यांच्यानंतर बऱ्याच वेळाने. तोवर तपासणी उरकेल, आपण मोकळ्या. हिशेबात फक्त अल्माझच्या लघवीने दगा दिला. ऊन असं चढलेलं, पोरीच्या अंगातलं सगळं पाणी घामावाटे मुंबईच्या रस्त्यावर सांडलेलं. आता बाटलीत पडायला राहिलं होतं काय? पहिली आणि दुसरी आलेल्या केव्हाच मोकळ्या होऊन गेल्या. त्यांच्या पाठराखिणी तंबूबाहेर बटाटेवडे खात होत्या. आझाद मैदानावरच्या त्या तंबूत उरल्या या दोघी आणि तपासणीच्या डॉक्टर सुनेत्रा.

शेवटच्या रेषेजवळ प्रेक्षकांना अडवायला दोरी बांधलेली, तिथल्या लाउडस्पीकरवर पोचणाऱ्यांचं एकेक नाव येत होतं. प्रत्येक नावाला सुचित्राचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी तिने हळूच विचारलं, “मॅडम, मी नुसती दोरीपर्यंत जाऊन येऊ? आमचे पळतायत.”

डॉक्टर सुनेत्रांचा चेहरा उतरला. “तुमच्या जागी उभं राहायला आता कोणी नाही हो, सुचित्राताई. बाहेरच्या बायकांना दुसरीकडे पाठवलंय. आणि हिच्यावरची नजर सुटली, तर तिचा निकालच अडचणीत येईल.”

“नको नको. मग नको,” सुचित्रा पटकन म्हणाली. वाद घालणं तिच्या रक्तात नव्हतं आणि पोर सोडून जाणं त्याहून नव्हतं. पण मनातून ती अशी चिडली अल्माझवर! एवढं बेचाळीस किलोमीटर पळता येतं आणि एवढंसं मुतता येत नाही? मग तिने पाहिलं, पोरगी थकून खुर्चीत मुटकुळं करून बसली होती, पायाच्या नखाखाली रक्त साकळलेलं. सुचित्राला स्वतःचीच लाज वाटली. कोणाची लेक, कुठून कुठे आली, आणि आपण हिला शिव्या घालतोय.

अल्माझ तिच्याकडेच बघत होती. काय बिनसलंय ते तिला कळलं असावं. तिने भुवया उडवून विचारलं. सुचित्राने मोबाइल काढून अप्पांचा फोटो दाखवला. बनियन, हाफ पँट, छातीवर नंबर लावलेला, आणि चाळीच्या जिन्यात साहेबासारखी पोझ.

“हस्बंड,” सुचित्रा म्हणाली. “रनिंग. टुडे.”

अल्माझने फोटो जवळ घेऊन पाहिला. “ओल्ड,” ती म्हणाली. मग स्वतःच्या मांडीवर थाप मारून, “स्ट्राँग.”

“स्ट्राँग कसले! हट्टी आहेत नुसते,” सुचित्रा मराठीतच बोलली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

अल्माझ उठली. लंगडत डॉक्टरांपाशी गेली. पोटाकडे बोट, पायांकडे बोट. “वॉक,” ती म्हणाली. “वॉक, देन पी-पी.” आणि मान वळवून दोरीच्या दिशेने बोट.

डॉक्टर सुनेत्रांनी क्षणभर दोघींकडे पाहिलं. “चालायला परवानगी आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हिच्यासोबत. पण सुचित्राताई, नजर रस्त्यावर नाही हां. हिच्यावर.”

“हिच्यावरच,” सुचित्रा म्हणाली.

दोरीशी ही गर्दी! अल्माझने वाट काढून सुचित्राला पुढे ढकललं आणि स्वतः मागे उभी राहिली. झालं, सुचित्रा लगेच वळली. रस्ता पाठीशी, तोंड अल्माझकडे. अल्माझ वैतागून हात करू लागली, अगं तिकडे बघ, तिकडे! सुचित्राने मान हलवली. दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली आणि मग अल्माझकडे केली. मला तुलाच बघायचंय, बाई.

अल्माझ बघतच राहिली. मग तिला कळलं, आणि ती अशी काही हसली, की आजूबाजूचे वळून बघायला लागले. तिने सुचित्राची दोन्ही मनगटं धरली आणि मंगळागौरीला फुगडीचा फेरा घ्यावा तसा अर्धा फेरा घेऊन तिला गर्रकन फिरवलं. आता अल्माझची पाठ दोरीला, सुचित्राचं तोंड तिच्याकडे. पोरगी बुटकी. तिच्या डोक्यावरून अख्खा रस्ता दिसत होता.

“शहाणी गं माझी ती!” सुचित्रा म्हणाली.

माणसं येत होती. कोणी रडत, कोणी पाय ओढत, कोणी मोबाइलवर बोलतसुद्धा. आणि मग अप्पा आले. आधी तिने ओळखलंच नाही. एक पाय फरफटत, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, एक थकलेला म्हातारा येत होता, आणि तो तिचा नवरा होता. अगं बाई, हा माणूस एवढा म्हातारा कधी झाला? रोज समोर बसून चहा पितात, कधी दिसलं नाही. अप्पा दोरीवर नजर फिरवत होते, पलीकडच्या बाजूला, भलतीकडेच. पाय मंदावले. थांबलेच जवळजवळ.

“अवो!” सुचित्रा ओरडली. शाळेचं मैदान रिकामं करायचा आवाज होता तो. “हंयसर! हंयसर बघा!”

अप्पांनी पाहिलं. हात केला नाही, हसले नाहीत. नुसतं बनियन खाली ओढून सरळ केलं, मान वर केली आणि निघाले. अल्माझने मागे न बघताच दोन्ही हात उंच केले. अप्पा अल्माझच्या खांद्याजवळून पुढे सरकले आणि शेवटच्या रेषेच्या बाजूला दिसेनासे झाले. मान वळवली असती तर दिसले असते. सुचित्राने वळवली नाही.

अल्माझने मात्र वळवली. पाहत राहिली. मग सुचित्राकडे वळून म्हणाली, “फिनिश!” आणि लगेच पोट धरून वाकली. “टॉयलेट! नाऊ!”

दोघी धावल्या. बेचाळीस किलोमीटर पळून आलेली पुढे आणि तिची पाठराखीण मागे. डॉक्टर सुनेत्रा बाटली घेऊन आत गेल्या, दार नियमाप्रमाणे उघडंच राहिलं, आणि सुचित्रा दाराशी उभी राहिली. आतून धार पडल्याचा आवाज आला, तशी अल्माझने देवाचे आभार मानावेत तसा मोठ्ठा सुस्कारा सोडला.

डॉक्टर बाहेर बघून दचकल्या. “सुचित्राताई, काय झालं? रडताय कशाला?”

“काही नाही, मॅडम,” ती म्हणाली. “आमचे पोचले.”

डोळे घळाघळा वाहत होते. पण पुसायला हात वर केला असता, तर मध्ये अल्माझ दिसेनाशी झाली असती. म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.