अंधारीतलं स्लो स्लो

"बिग बिग डोअर नाय रे बाबा, बिग डोअर! एकदाच. एकदा म्हणलं तरी दिसतं लोकांना, मोठं है करके!"

"दोनदा म्हणलं तर काय दरवाजा पडतो का?" सांडू उसळला. "अण्णा ईस वर्सं असंच म्हणले. बिग बिग डोअर, कोल्ड कोल्ड वॉटर. गोऱ्यांना सगळं कळायचं. वरून फोटो काढायचे त्यांच्यासंगं!"

"तुझ्या अण्णाची कुणी परीक्षा नाय घेतली, बेटा. तुझी आज है," जहांआरा मॅडम म्हणल्या.

त्या शेजारच्याच. उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. दोन महिन्यांपासून रोज येऊन इंग्रजीसाठी सांडूचं डोकं खात व्हत्या. सांडूनं नववीतच शाळा सोडलेली. सरानं बापावरून टोमणा मारला आन् यानं डस्टर फेकून मारलं. तेवढ्यावरच शिक्षण संपलं.

बाप म्हणजे हेच अण्णा, बन्सी. दौलताबादच्या किल्ल्यावर गोऱ्या लोकायला फिरवायचा. इंग्रजी नुसती ऐकून ऐकून शिकलेला. आपल्यात कसं गरम गरम भाकर, हळू हळू चाल, तशीच त्याची इंग्रजी. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, आन् बोलणंही अर्धं गेलं. नुसती नावं तोंडातून निघायची. पाणी. चहा. सरू. पाणी गार का गरम, चहा गोड का फिका, ते काय यायचं नाय. मग सरूबाई, सांडूची आय, एकेक करून इचारायची, आन् तो मान हलवायचा.

आज शहरात एक ट्रॅव्हल कंपनी किल्ल्यासाठी पोरं घेणार व्हती, इंग्रजी बोलायला लावून. सांडू पास झाला तर बापाचं काम घरात राहणार. नाय तर किल्ल्यातल्या अंधारीत, त्या वटवाघळांच्या काळोख्या भुयारात, उद्यापासून दुसरंच कुणी बॅटरी घेऊन उभं.

"चल, मेंढा तोफ सांग," मॅडम म्हणल्या.

"विथ अ रॅम्स हेड, द टुरिस्ट सीज द कॅनन."

मॅडमच्या बशीतला चहा ओढणीवर सांडला. "या अल्ला! अरे, टुरिस्टलाच मेंढ्याचं मुंडकं लावलंस की तू! मुंडकं तोफेचं है ना? मग तिच्याजवळच ठेव. असले शब्द मालकापासून लांब ठेवले, की जो जवळ दिसंल त्याच्या गळ्यात पडतात."

सरूबाई तोंडाला पदर लावून हसली. तिला इंग्रजी कळत नव्हती, पण मेंढ्याचं मुंडकं कळलं. सांडूनं बापाकडं पाह्यलं. बाजेवर पडलेला बन्सी पत्र्याकडं बघत व्हता. व्हटाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली. सांडूनं ती फडक्यानं पुसली.

"आता अंधारी. दम खाऊन म्हण."

सांडू ताठ उभा राह्यला. "नाऊ वी एंटर अ लाँग, डार्क पॅसेज. प्लीज वॉक स्लोली."

"शाब्बास! एक चूक नाय!"

बन्सीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आता काय झालं, अण्णा?" सांडू भडकला. "बरोबरच तर म्हणलो ना! का हेही नाय पटलं?"

"ओरडू नको त्यांच्यावर," सरूबाई म्हणली. "सकाळपासून जेवले बी नायत."

सांडू धपकन बाजेवर बसला. जरा वेळ नखं खात राह्यला. मग बापाच्या कानाजवळ वाकून, बापाच्याच आवाजात म्हणला, "कम कम, मॅडम. नो फिअर. डार्क डार्क. अप अप, बॅट बॅट."

बन्सीची मान वळली. डावा हात गोधडीतून बाहेर आला, हवेत चाचपडला आन् सांडूचं कोपर घट्ट धरलं. अंधारीत तो असंच करायचा. मागून कोपर धरायचा आन् दोनदा म्हणायचा, स्लो स्लो. पहिल्या स्लोला माणूस जागीच थांबायचा. दुसऱ्याला पायरीवर पाय टाकायचा. ईस वर्सांत त्याच्या हातातून कुणी पडलं नाय.

व्हट थरथरले. "स्... स्लो."

सरूबाई दारातच खिळली. पाच महिन्यांत पहिल्यांदा नाव सोडून दुसरा शब्द निघाला व्हता. मॅडमनी बशी हळूच खाली ठेवली.

सांडू हालला नाय. दुसरा कधी येतो याची वाट बघत राह्यला. बापाच्या गळ्याची शीर फुगली, डोळ्यांतून पाणी आलं, व्हट जागच्या जागी हालले. काहीच निघंना. कोपरावरची बोटं मात्र आवळतच चालली.

बाहेर शहरात न्यायला आलेल्या शफीच्या जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

"बेटा," मॅडम हळू आवाजात म्हणल्या, "तिथं स्लोलीच म्हण हां."

सांडूनं मान हलवली. त्यांच्याकडं बघितलं नाय. बापाचं एकेक बोट कोपरावरून सोडवत म्हणला, "अण्णा, सोडा आता. मला निघायला पायजे."