चेपायचं नाही

तेल फार गरम तर नाही ना, हे मनगटावर बघून शीतलने सासूच्या पायावरची चादर सारली. या सेवेतून तिला बरंच मिळायचं होतं. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन तिने वेगळी चूल मांडली, तेव्हापासून धावडा गावात ती 'घर फोडणारी' होती. आता सासू, नंदाबाई, न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, जालन्याला ऑपरेशन झालं आणि उशाशी बसायला धाकटी सून शीतलच मोकळी निघाली. चार बायकांनी तिला सासूचे पाय चेपताना बघितलं, की ते नाव पुसलं जाणार होतं. आज नणंद चंद्रकला गावातल्या बायकांना घेऊनच येणार होती. प्रेक्षक आयतेच.

"ताई, हात काढा."

प्रीती सिस्टर ट्रे घेऊन उभी होती. पुढच्या पाळीची सिस्टर आलीच नव्हती, त्यामुळे रात्रीपासून तीच. तिने दोन्ही पोटऱ्या हलकेच टेपने मोजल्या. ऑपरेशनच्या पायाची पोटरी फुगली होती, तापली होती.

"कधीपासून?"

"सकाळपासून ठणकून राह्यली म्हणतात. म्हणून तर तेल आणलं."

"आत रक्ताची गुठळी असली आणि तुम्ही चोळलं, तर ती सुटून छातीत जाईल. डॉक्टरांना सांगते. सोनोग्राफी होईपर्यंत पायाला कुणाचाच हात नको."

"जरासं चेपलं तर काय मरते का मी?" नंदाबाई कण्हल्या.

"मरू शकता, मावशी," सिस्टर म्हणाली आणि डोळे चोळत फोनकडे गेली.

चंद्रकला आली ती आईच्या कपाळाला अंगारा लावून सरळ पायाकडे वळली.

"माय गं, केवढा सुजला! आन कोणी चेपून द्यायलाबी न्हाई?"

"अक्का, हात नका लावू. सिस्टरनं सांगितलंय."

"सिस्टरनं सांगितलं आन तुला बराबर पटलं!"

सोबतच्या बायका हसल्या. एकीने पदर तोंडाला लावला, पण हसू लपवायला नव्हे.

"चेप गं, चंद्रकला," नंदाबाई म्हणाल्या.

चंद्रकलाने बांगड्या मागे सारल्या. शीतल उठली आणि पलंगावर, सासूचा पाय आपल्या आड घेऊन बसली. कठडा दोन्ही हातांनी धरला.

"मला उठवा आधी. मंग चेपा."

"घर फोडलं ते फोडलं," चंद्रकलाचा आवाज वॉर्डभर गेला, "आता मायला लेकीच्या हातापासूनबी तोडती!"

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा डबा तसाच ठेवून बघत राहिला. शीतलने कठडा सोडला नाही. सोनोग्राफीला न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हाच ती उठली.

सोनोग्राफीत गुठळी दिसली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू झाली, हळूहळू सूज उतरली. "वेळेवर सापडली," डॉक्टर म्हणाले. धावड्यात मात्र हकीकत दुसरीच पोचली: सुनेने पाय चेपला नाही म्हणून रक्त गोठलं, अंगारा लागला म्हणून सुटलं.

"मी बोलू का तुमच्या नणंदेशी?" सिस्टरने विचारलं.

"राहू द्या. तुम्ही इथंच राहणार. मला तिकडं राह्यचंय."

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. वॉकर कसा धरायचा ते दाखवलं. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दिसलं तर लगेच आणायचं, हेही सांगितलं. मग प्रश्न आला, नंदाबाई जाणार कुणाकडे? थोरल्या मुलाच्या घरी त्यांची खोली होती. चंद्रकलाने तर, माय माझ्याकडंच येणार, असा निरोपच धाडला होता.

"हिच्याकडं," नंदाबाईंनी हनुवटीने शीतल दाखवली. "न्हाई म्हणलं की कोणाच्या बापाला पायाला हात लावू देत न्हाई ही."

शीतल पिशवी भरताना थांबली.

"पण हे गावात बोलू नको," नंदाबाईंनी आवाज खाली आणला. "मी थोरल्याला सांगते, तूच हट्ट धरला म्हणून. चंद्रकलेला वाईट वाटंल."

शीतलने मान डोलावली आणि त्यांच्या पायात चप्पल घातली.

जीव वाचला नंदाबाईंचा. गुण अंगाऱ्याला आला, माया लेकीची ठरली. नाव होतं तेवढंही गेलं ते शीतलचं, आणि त्याच्या बदल्यात तिला सासू मिळाली.