माझी शिवण बाहेरच राहू द्या

मी एक जुनी पिशवी आहे, उलटी शिवलेली. आज सकाळी तुमच्या कुंडलिक गुरुजींनी मला या प्रदर्शनाच्या टेबलावर मांडताना सुलटं केलं, हात फिरवून सुरकुत्या मोडल्या आणि म्हणाले, "हां, आता कशी नीट दिसते!" मित्रांनो, मला त्याचा राग आला आहे. गुरुजी माणूस चांगला आहे, पण विचारायचं तरी! माझ्या नाडीला एक निळा दोरा गुंडाळलेला आहे. तोही कापून टाकायला ते कात्री शोधत होते. शाळेत कात्री सापडली नाही म्हणून तो वाचला. आता माझ्यासमोर चिठ्ठी लावली आहे, 'जुनी कापडी पिशवी'. कापडी आहे हे आंधळ्यालाही कळेल. मी कोण आहे ते मीच सांगते.

माझा जन्म १९९७ सालच्या दिवाळीनंतर इथंच, घाटघरात झाला. खाली धरणाचं पाणी उतरू लागलं की काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्या चिखलात किडे टिपायला हजारो कोसांवरून पाखरं येतात. टिलवे, तुतवार, धोबी. त्या वर्षी पुण्याच्या एका पक्षी अभ्यास संस्थेतून साधनाताई आल्या आणि त्यांनी काठावर दोन तंबू ठोकले. पाखरू जाळ्यात धरायचं, पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालायची, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि सोडून द्यायचं, हे त्यांचं काम. पुढं ते पाखरू दुसऱ्या मुलखात कुणाला सापडलं तर नंबरावरून त्याचा प्रवास कळतो. गावातली माणसं मात्र तंबूसमोर उभी राहून पोट धरून हसायची. "धरायचं आन सोडून द्यायाचं? मंग धरायचंच कशाला राव?"

जाळ्याचे बांबू रोवायला मजुरीवर गावातले गेणभाऊ होते. त्यांची बायको झुंबरबाई एकदा त्यांची भाकरी घेऊन गेली, तेव्हा एक धोबी जाळ्यात पाय, पंख, मान असा सगळा गुंतला होता आणि साधनाताईंना घाम फुटला होता. झुंबरबाईनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई, सरा जरा." भाताच्या आवणीच्या वेळी राबातली रोपं उपटली की मुळाला मूळ गुंतलेलं असतं, आणि एकही मूळ न तोडता ती वेगळी करायची असतात. झुंबरबाईनं ते लहानपणापासून केलेलं. तिनं आधी पाय सोडवले, मग पंख, मग मान. धोबी तिच्या मुठीत शेपूट हलवत बसला. त्या दिवसापासून जाळ्यातून पाखरं काढायचं काम तिचं झालं.

काढलेलं पाखरू तंबूत नेईपर्यंत ठेवायला पिशवी लागते. झुंबरबाईनं आपलं जुनं जांभळं लुगडं फाडलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, आणि ओसरीवर बसून मला शिवलं. माझी शिवण, दुमड, दोऱ्यांच्या गाठी, सगळं बाहेर. गेणभाऊंनी मला उचलून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, उलटीच शिवली की! डोळं गेलं का काय?"

"डोळं तुमचं गेलं," ती म्हणाली. "तान्ह्या पोराचं झबलं कसं शिवत्यात? शिवण भाईर. आत टोचाया नको. ह्ये बी लेकरूच हाय."

ऐकलंत ना? मी चुकून उलटी झालेली नाही. माझी गुळगुळीत बाजू पाखराकडे आणि खरबरीत बाजू जगाकडे आहे. मला शिवताना असंच ठरलं होतं.

पुढची चार वर्षं मी जे काम केलं त्याला तोड नाही. हो, मी माझी स्तुती करते आहे. दुसरं कोण करणार? उजाडायच्या आत झुंबरबाई मला कमरेला खोचून चिखलात उतरायची. दर अर्ध्या तासानं जाळ्याला फेरी. पाखरू माझ्यात आलं की नाडी ओढायची आणि मला सावलीतल्या दोरीला टांगायचं. आत अंधार असला की पाखरू शांत होतं. त्याचं काळीज मला ऐकू यायचं, फार भराभरा चालायचं. वजनाच्या काट्याला आधी पाखरासकट मला अडकवायचे, मग मला एकटीला. माझं वजन अठरा ग्रॅम, पण दव पडलं की दोन ग्रॅम वाढायचं, म्हणून रोज नव्यानं मोजायचे. टिलवा तर माझ्याहून थोडासाच जड, आणि एवढासा जीव सैबेरियातून उडत आलेला! पाखरं माझ्यात घाण करायची. झुंबरबाई मला रिठ्याच्या पाण्यात धुवून करवंदीच्या जाळीवर वाळत घालायची. माझ्या मागोमाग तिनं आणखी वीस बहिणी शिवल्या, सगळ्या उलट्या.

२००१ सालच्या हिवाळ्यात संस्थेचे मोठे साहेब, रामनाथ साहेब, पाहणीला आले. बूट चकचकीत, बोटात खड्याची अंगठी. त्यांनी दोरीवर टांगलेल्या आम्हा बहिणींकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "या चिंध्या कोणी शिवल्या? शिवण कुठल्या बाजूला असते एवढंही कळत नाही?"

साधनाताई म्हणाल्या, "सर, त्यांचा त्यामागे विचार आहे."

"विचार राहू द्या. परदेशातले पाहुणे येणार आहेत. जरा शोभा नको का?"

आठ दिवसांत पुण्याहून शिंप्यानं मशिनवर शिवलेल्या नव्या पिशव्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, वर संस्थेचं नाव छापलेलं, शिवण आत. बाहेरून पाहाल तर बघतच राहाल. आत मात्र निळ्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. आतलं पाहतो कोण! माझ्या बहिणी पत्र्याच्या पेटीत गेल्या. मला झुंबरबाईनं कमरेवरून सोडलंच नाही, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक टिलवा जाळ्यातून काढला, दोन्ही पाय तपासले आणि नव्या पिशवीत घालून टांगला. तंबूत रामनाथ साहेब स्वतः बसले होते. त्यांनी आत हात घालून टिलवा बाहेर ओढला. तो येईना. त्यांनी जोर लावला आणि काडी मोडावी तसा आवाज झाला. टिलव्याचा डावा पाय लोंबू लागला आणि त्याला निळा दोरा गुंडाळलेला होता.

"बाईनं जाळ्यातून काढतानाच मोडलाय," साहेब म्हणाले. "साधना, लिहा वहीत, हाताळणीत चूक. आणि उद्यापासून या बाईनं पाखराला हात लावायचा नाही. चहा करावा, तंबू झाडावा."

वड्याचं तेल वांग्यावर! साधनाताई शेजारीच होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं. मित्रांनो, त्या वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी त्या घाबरल्या, आणि त्यांच्या घाबरण्याची शिक्षा दुसऱ्याला झाली. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

झुंबरबाई पुढं झाली. तिनं टिलवा ओंजळीत घेतला, अंगठ्याच्या नखानं निळा दोरा सोडवला आणि पाखरू सोडून दिलं. ते तिरकं उडालं आणि चिखलात एका पायावर उतरलं. तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो दोरा तिनं माझ्या नाडीला गुंडाळला आणि वर गाठ मारली.

घरी गेणभाऊ म्हणाले, "जाऊ दे की. चहा तर चहा. मजुरी तेवढीच मिळंल."

"मजुरीचं कोण बोलतंय? माज्या हातानं पाखरू मोडलं आसं वहीत लिवलंय. त्ये वहीत ऱ्हाणार, मी मेल्यावर बी. मी चहा कराया न्हाई जाणार. मी जाळ्यालाच जाणार."

आणि गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ती जाळ्यापाशी उभी होती, कमरेला मी. रामनाथ साहेब चिखल चुकवत चुकवत आले. "बाई, तुम्हाला काल काय सांगितलं होतं?"

"सांगितलं ते ऐकलं. आता माजं येक ऐका, मंग जाते." तिनं एक नवी पांढरी पिशवी त्यांच्यापुढं धरली. "हिच्यात हात घाला, सायेब."

"हा काय पोरखेळ आहे?"

"घाला तर. आन आंगठी काढू नका."

तोवर गेणभाऊ आले, साधनाताई आल्या, गुरांमागं निघालेली चार माणसंही थांबली. एवढ्या लोकांत मागं कसं सरायचं? साहेबांनी हात घातला. "आता पाखरावाणी फडफडा," ती म्हणाली. लोक हसले. साहेबांनी चिडून बोटं हलवली आणि हात मागं ओढला. हात येईना. खड्याच्या कोंदणात दोरा अडकला होता, आणि जितकं ओढावं तितका आवळत होता. "आई गं!" साहेब ओरडले.

"जरा जोरात वढा की," झुंबरबाई म्हणाली. "काल वढलं व्हतं तसं."

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तिनं पुढं होऊन पिशवी आतून बाहेर उलटली आणि दोरा हळूच सोडवला. मग म्हणाली, "सायेब, आडकल्यावर तुमी वरडला. तुमाला त्वांड हाय. त्येला न्हाई." आणि मला कमरेची काढून पुढं केलं. "आता हिच्यात घाला."

साहेबांचा हात माझ्यात आला. खडा, नखं, घड्याळ, सगळं आत आलं आणि काही न अडकता बाहेर गेलं.

साधनाताईंनी तिथंच चिखलात वही उघडली. "काल मी पाहिलं होतं झुंबरबाई," त्या म्हणाल्या. "दोरा मला दिसला होता. बोलले नाही, ती माझी चूक." त्यांनी कालची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'पाय पिशवीतल्या दोऱ्यात अडकून मोडला. काढणाऱ्या बाईची चूक नाही.' खाली सही केली आणि ते वाचूनही दाखवलं.

त्यानंतर झुंबरबाई जाळ्यालाच राहिली आणि सगळ्या नव्या पिशव्या उलट्या करून वापरल्या गेल्या. छापलेलं नाव आत गेलं. परदेशी पाहुणे आले तेव्हा त्यांनी मला हातात घेऊन, माझी शिवण चाचपून मान डोलावली. मी तेव्हाही झुंबरबाईच्या कमरेलाच असायचे, तिथूनच त्यांनी मला मागून घेतलं, ते सांगायचं राहिलं.

तुम्ही विचाराल, तो टिलवा परत आला का? नाही आला. आम्ही पुढची तीन वर्षं प्रत्येक टिलव्याचा डावा पाय पाहिला. मी खोटं सांगून तुम्हाला खूश करणार नाही.

२००५ मध्ये ते काम थांबलं. तंबू गेले, साधनाताई गेल्या. मी झुंबरबाईच्या घरी खुंटीला आले. माझ्यात कधी नाचणीचं बियाणं, कधी सुक्या मिरच्या. एकदा एका उंदरानं माझा कोपरा कुरतडला. धूर खाऊन माझा जांभळा रंग काळपट झाला. पण मी तक्रार केली नाही, कारण माझी शिवण बाहेर होती. आज तीन वर्षांनी गुरुजींनी मला इथं आणलं आणि अर्ध्या मिनिटात सुलटं करून टाकलं!

थांबा. दारात कोण आलं पाहा. काठी टेकत आली आहे, डोळे बारीक करून टेबलं पाहते आहे. झुंबरबाई!

"गुरुजी, ही माजी पिशवी?"

"हो आजी. बघा, नीट करून ठेवली."

"नीट?" तिनं मला उचललं. तिची बोटं आता थरथरतात, पण आत शिरून कोपरे धरून मला बाहेर ओढायला तिला क्षणही लागला नाही. माझी शिवण बाहेर आली, गाठी बाहेर आल्या, कुरतडलेला कोपराही आला. निळा दोरा तिनं चाचपून पाहिला.

"आजी, अशी उलटी बरी दिसत नाही हो," गुरुजी म्हणाले.

"नसू दे. तुमाला फकस्त बगायचं हाय. पाखराला आत ऱ्हायाचं व्हतं."

मित्रांनो, पुढं तुम्ही काहीबाही कराल. कुणी कपडे शिवाल, कुणी घरं बांधाल, कुणी वहीत दुसऱ्याबद्दल दोन ओळी लिहाल. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूनं एकदा आत हात घालून पाहा. बाहेरून कोण हसतं त्याची पर्वा करू नका. मी केली नाही. आणि ती चिठ्ठी आधी काढा. मग या, रांगेनं या, माझ्यात हात घाला. अंगठी असली तरी काढू नका.