भिंगरीची जागा

दिग्दर्शकाला उजेडाचं वावडं होतं. तालमीच्या खोलीत पाऊल टाकलं की तो आधी सगळे दिवे बंद करायचा, मग जमिनीवर ठेवलेला एकच दिवा लावायचा, आणि मगच "या मंडळी" म्हणायचा. खालून येणाऱ्या त्या प्रकाशात सगळ्यांची तोंडं भुतासारखी दिसत आणि सावल्या छताला टेकत. त्यालाही तेच हवं असायचं. नेपथ्यही तसलंच: भिंती कललेल्या, खिडकी तिरपी, आणि दार इतकं ठेंगणं की आत येणाऱ्याने वाकूनच यावं. सुताराने पहिल्या दिवशी नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, हे मुद्दाम चुकवायचंय, की काढताना चुकलंय?"

"मुद्दाम."

"मग ठीक. आम्हाला आपलं न सांगता चुकायची सवय," सुतार म्हणाला आणि कामाला लागला.

नाटक तळघरातल्या एका नाचगाण्याच्या अड्ड्याचं होतं. तिथे येणारं गिऱ्हाईक पेल्याच्या बदल्यात स्वतःचंच काहीतरी देऊन जायचं. कुणी हसणं, कुणी झोप, कुणी सावली. सगळ्यांची तोंडं पांढरी फटक रंगवलेली, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं, ओठ काळे. अड्ड्याची मालकीण टेबलाटेबलावर गात फिरायची, सगळ्यांची टर उडवायची, आणि शेवटच्या गाण्यात कळायचं की तिचं स्वतःचं सगळं केव्हाच देऊन झालंय. ही मालकीण म्हणजे भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून बापाने ठेवलेलं नाव, तेच नाटकवाल्यांच्याही तोंडी बसलं होतं.

बाप साथीलाच होता. अकॉर्डियन वाजवायचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको गेली तेव्हा भिंगरी एवढीशी होती. तेव्हापासून मास्तरांनी तिला एका मांडीवर आणि अकॉर्डियन दुसऱ्या मांडीवर असं वाढवलं, आणि कोणती जास्त आवडती हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ती गायला लागली तशी त्यांनी दुसऱ्या कुणाला साथ करणंच सोडलं. पोरगी सूर लावायच्या आधी तिचा खांदा किती उचलला जातो, यावरून त्यांना कळायचं की आता ओळ लांबणार की आटपणार. "मी तिचं गाणं कानाने ऐकतच नाही," ते फुशारकीने सांगत, "पाठीवरून वाचतो." पुढे जे झालं ते पाहता ही फुशारकी त्यांना फार महागात पडली.

शेवटचं गाणं साधंच होतं.

हसणं माझं मोजून नेलंस, झोप नेलीस बांधून,
सावलीसुद्धा ओढून नेलीस पायाखालून सोडवून.
आता वात खाली कर राजा,
अंधार तेवढा माझा.

एका तालमीत भिंगरी शेवटच्या ओळीत "अंधार" म्हणाली आणि थांबली. ताल पुढे निघून गेला. ढोलवाल्याने काठी वर धरली ती तशीच राहिली. मास्तरांनी अकॉर्डियनचा भाता उघडा ठेवून सूर धरून ठेवला. आणि मग, आता ही ओळ सुटलीच असं सगळ्यांना वाटत असताना, अगदी बारीक आवाजात आलं, "तेवढा माझा."

मग दिग्दर्शक अंधारातून ओरडला, "काय जागा घेतलीस! काय जागा घेतलीस गं!"

गाणाऱ्याने सरळ रस्ता सोडून मध्येच एखादं सुंदर वळण घ्यावं, त्याला आपल्यात जागा म्हणतात. ती शिकवून येत नाही. मास्तर त्या दिवशी घरी जाताना जमिनीवरून चाललेच नाहीत. बापाने आयुष्यभर साथ केली, पण अशी जागा लेकीला आपली आपण सुचली, याचा त्यांना कोण अभिमान! दुसऱ्या दिवशी त्यांनी वादकांना बजावलं, "तिथे ताल सोडायचा. ती येईल तेव्हा यायचं. मला बघा, मी तिला बघतो." थांबणं कधी लहान असायचं, कधी मोठं. दर वेळी वेगळं. मास्तर म्हणायचे, खरा कलावंत एक गोष्ट दोनदा सारखी करत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

दिग्दर्शकाने एक बदली मुलगी तयार ठेवली होती. मुख्य नटी आजारी पडली तर उभी राहायला कुणीतरी हवं. पोरगी गुणी, गळा स्वच्छ, फक्त सगळं मोजून करायची. एका दुपारी चहाच्या वेळी ती भिंगरीजवळ येऊन बसली. मास्तर शेजारीच अकॉर्डियनचा पट्टा आवळत होते.

"ताई, ती जागा शिकवा ना मला. किती मात्रा थांबायचं?"

"मात्रा नाहीत," भिंगरी म्हणाली.

"मग पुन्हा कधी उचलायचं ते कसं ठरवता?"

"मी नाही ठरवत."

बदलीला वाटलं, ताईंना शिकवायचं नाही. ती हिरमुसून उठून गेली. मास्तरांचा हात मात्र पट्ट्यावरच राहिला. जागा घेणाऱ्याला जागा ठरवता येत नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. सुचते अचानक, हे खरं. पण एकदा सुचली की ती आपली असते, हवी तेव्हा घ्यावी, नको तेव्हा सोडावी. त्यांनी लेकीकडे पाहिलं. नुसती बसलेली असताना तिचे खांदे वरखाली होत होते. इतके दिवस ती पाठ ते वाचत होते आणि त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

जिन्याखाली कपड्यांच्या पेट्या ठेवायची खोली होती. ते तिला तिथे घेऊन गेले.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

भिंगरीने आधी दार लोटलं. "गेले होते."

"एकटी?"

"तुम्हाला नेलं असतं तर तुम्ही तिथेच रडत बसला असता. मग मी कुणाकडे बघायचं?"

"काय म्हणाले?"

"हृदयाची झडप नीट मिटत नाही म्हणे. फुगलेल्या दरवाजासारखी. लगेच कापायला हवं. आणि गाणं त्याच दिवसापासून बंद."

"आणि तू गातेस."

"गातेय."

"कापल्यावर गाता येईल?"

"बोलता येईल म्हणाले. चालता-फिरता येईल. असं गाणं, दम लावून, पुन्हा नाही." ती पेटीवर बसली. काळा रंग ओठांवरून पुसता पुसता म्हणाली, "बाबा, मला एक प्रयोग द्या. एकच. मालकीण एकदा लोकांपुढे होऊ दे. मग कापा, शिवा, काय हवं ते करा."

रंग निघाला तसं मास्तरांनी वाकून पाहिलं. काळ्याखालचे ओठ निळसर होते. त्या नाटकात पांढरी तोंडं आणि काळे ओठ सगळ्यांचेच, मग कोण कुणाचा रंग बघतोय!

"आणि त्या एका प्रयोगात काही झालं तर?"

"तर झालं. पण तुम्ही कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

मास्तर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गप्प राहणं म्हणजे होकार, असं तिने धरलं. त्यांनी तसं धरू दिलं.

रंगीत तालमीच्या सकाळी ते दिग्दर्शकाकडे गेले. तो अंधारात बसून दिव्यांची आखणी करत होता. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर दिग्दर्शक उठला आणि त्याने खोलीतले सगळे दिवे लावले. त्या उजेडात कललेल्या भिंती नुसत्या पुठ्ठ्याच्या आणि केविलवाण्या दिसायला लागल्या.

"म्हणजे त्या पोरीला दम लागत होता," तो म्हणाला, "आणि मी वाहवा म्हणत होतो."

"मीही," मास्तर म्हणाले.

भिंगरीला बोलावून त्याने नीट, हळू आवाजात समजावलं. ती भांडली नाही. तिने आरशासमोर बसून तोंडावरचा पांढरा रंग पुसला, मालकिणीचा झगा घडी करून बदलीच्या हातात दिला आणि बाहेर आली. गाडीत बसेपर्यंत ती बापाला एकच वाक्य बोलली. "गळ्याची शपथ होती, बाबा."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पोरगी वाचली. मास्तरांनी डॉक्टरांचे हात हातात घेऊन सोडलेच नाहीत, शेवटी परिचारिकेला ते सोडवावे लागले. पण घरी आल्यावर लेक बोलायची ती कामापुरतं. चहा झालाय. औषध घेतलं. दार लावा. घशात घातलेल्या नळीने आवाज घोगरा, फाटल्यासारखा झाला होता आणि तो ऐकू नये म्हणूनही ती बोलत नसावी. नाटकाचं नाव घरात निघत नव्हतं. ज्याच्यासाठी शपथ मोडली तो जीव समोर बसलेला असायचा आणि मास्तरांना त्याच्याकडे बघायची चोरी झाली होती.

नाटक मात्र जोरात चाललं. बदली उभी राहिली. मास्तरांनी दिग्दर्शकाला हात जोडून विनवलं होतं, ती थांबायची जागा तेवढी काढा. दिग्दर्शकाने खाली मान घालून सांगितलं, "काढून बघितलं हो. गाणं मरतं." तेव्हा बदली "अंधार" म्हणायची, झग्याखाली पायाने मात्रा मोजायची, आणि बरोबर वेळेवर "तेवढा माझा" म्हणायची. लोक चुकचुकत, डोळे पुसत. मास्तर रोज भाता उघडा धरून तेवढा वेळ काढत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना रोज नव्याने कळत होतं.

एका दुपारच्या प्रयोगाआधी भिंगरी कपडे करून बाहेरच्या खोलीत आली. "मी येतेय," म्हणाली. मास्तरांनी तिच्या चपला पुढे सरकवल्या.

ती मागच्या रांगेत बसली. प्रयोग संपल्यावर तिने लोकांना ओसरू दिलं आणि मग रंगपटात गेली. मास्तर अकॉर्डियन गळ्यात तसंच ठेवून तिच्या मागोमाग गेले आणि दाराबाहेर उभे राहिले. आत बदली अर्धं तोंड पुसून बसली होती. तिला बघून धडपडत उठली.

"ताई! माझं काही चुकलं का?"

"सूर छान. बोल छान. जागा चुकली."

"मी तर बरोबर मोजून—"

"तेच चुकतंय. बस." भिंगरीने तिच्यासमोर खुर्ची ओढली. "अंधार म्हण. हां. आता श्वास सोडून दे. सगळा. आणखी. घेऊ नकोस. थांब. अजून थांब. आता पुढचा येणारच नाही असं वाटेपर्यंत थांब."

बदलीचे डोळे मोठे झाले. मग न राहवून तिने मोठ्ठा श्वास घेतला, आणि त्याच्या पाठोपाठ तिच्या तोंडून निसटलं, "तेवढा माझा."

"बघ," भिंगरी म्हणाली. "तू ते दुःखाने म्हणतेस. ते दुःखाचं नाहीच. मला रोज वाटायचं, आज नाही येत. आणि यायचा गं. श्वास यायचा! त्याचा इतका आनंद व्हायचा, इतका, की तसा कशाचाच झाला नाही कधी. त्या आनंदात म्हणायचे मी ते."

बदली रडायला लागली. भिंगरीने तिच्या गालावरचा ओघळलेला पांढरा रंग बोटाने सारखा केला. "रडू नकोस. पुन्हा म्हण. आता तुझी आहे ती."

बाहेर मास्तर भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. जीव वाचवला होता त्यांनी तिचा, ते खोटं नव्हतं. पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा वाचवला असता. पण काय काढून घेतलं ते त्यांना आत्ता समजलं, आणि त्यांना रडू आवरेना. अकॉर्डियन छातीशीच होतं आणि बोटं सुरांच्या पट्ट्यांवर. प्रत्येक हुंदक्यासरशी भाता ओढला जात होता आणि बेसूर, तुटका आवाज बोळभर निघत होता.

आतलं गाणं थांबलं. भिंगरी बाहेर आली, बापासमोर बसली आणि त्यांच्या खांद्यांवरचे पट्टे एकेक करून सोडवू लागली.

"पुरे आता, बाबा," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उद्यापासून त्या जागेला तिला जरा जास्त वेळ द्या. घाबरू द्या तिला."