कुणीच कुणाला ओलांडलं नाही

"तुमचा संशय औषधावर आहे की माझ्यावर?" डॉक्टर फेरेइरांनी विचारलं.

मी टेबलावरचा माझा आलेख त्यांच्यापुढे सरकवला. चौदा रुग्ण, प्रत्येकाचा रक्तदाब चार सोमवारी मोजलेला, प्रत्येकाची एक रेघ. चौदाही रेघा शेजारीशेजारी खाली उतरत होत्या आणि एकीनेही दुसरीला ओलांडलं नव्हतं. एकाच माणसाला पुन्हापुन्हा मोजलं की त्याची तुलना त्याच्याशीच करायची असते. कोणता आकडा कुणाचा, यावर सगळं उभं राहतं. इतकी शिस्तीची माणसं मी संख्याशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं काढूनही पाहिली नव्हती.

"औषध चांगलं असलं की असंच होतं, बाई. लेख शुक्रवारी पाठवायचाय."

लेखाच्या पहिल्या पानावर तीन नावं होती: त्यांचं, माझं आणि परिचारिका देल्मिरा ऑलिव्हेराचं. पायसांदूच्या इस्पितळात, बाह्यरुग्ण विभागात एकतीस वर्षं दंडांना पट्टा गुंडाळणाऱ्या देल्मिराचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं.

मी ते पान घेऊन तिच्याकडे गेले. तिने थर्मासमधलं गरम पाणी ओतून माते, आमच्याकडचा कडसर पाल्याचा चहा, भरून माझ्या हातात दिलं आणि आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"बहिणीला सांगून झालंय माझं, मास्तरीणबाई."

"आकडे डॉक्टरांनी बदललेत का?"

"तो? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तक्ता मीच केलाय."

तिने वही काढली. प्रत्येक सोमवारची वेगळी यादी, नावासकट.

"दर सोमवारी नावांचा क्रम असा उलटसुलट का?"

"उलटसुलट कुठे? जास्त दाबवाला वर. डॉक्टर आला की आधी तोच दिसायला हवा. पहिल्या दिवसापासून असंच लिहिते."

"आणि तक्त्यात?"

"चारही याद्या शेजारीशेजारी उतरवल्या. नावं पहिल्या यादीवरची."

मी माते खाली ठेवलं. नेलिदा सोसा पहिल्या सोमवारी सगळ्यात खाली होती, चौथ्या सोमवारी सगळ्यात वर. तक्त्यात मात्र तिचा तो शेवटचा आकडा पहिल्या यादीत सगळ्यात वर असलेल्या विल्मार पिंतोसच्या नावापुढे गेला होता. माझं बोट पोचण्याआधी देल्मिराने ते पाहिलं.

"नेलिदाचा वाढतच होता," ती हळू म्हणाली. "मीच मोजला. आणि कागदावर मीच उतरवला."

तिने विचारलं, "नीट लावलं तर?"

"सरासरी तीच राहील. पण कुणी वर, कुणी खाली. औषधाने उतरला, असं खात्रीने म्हणता येणार नाही."

"म्हणजे शुक्रवारी लेख जाणार नाही."

"नाही."

तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"त्याच्यावर संशय घेऊन आला होतात ना? तसं त्याला सांगू नका. रडेल बिचारा."

मग तिने ते पहिलं पान पुन्हा एकदा वाचलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पट्टीने चार रकाने आखले आणि सगळ्यात वर लिहिलं: नेलिदा सोसा.

"सांगा," ती म्हणाली. "पहिला सोमवार."