पानं आतल्या बाजूला

मी एक जुना हिरवा पडदा आहे, मित्रांनो, आणि बरीच वर्षं मला एकच कोडं पडलं होतं. माझी आतली बाजू कोणती?

माझ्या कापडाला एका अंगाने टवटवीत पानं छापलेली, दुसरं अंग फिकट. शिवणाऱ्या मावशींनी विचारलं, "पानं कुठल्या बाजूला घेऊ?" फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "बाहेर घ्या. आल्यागेल्याला प्रसन्न वाटायला हवं." तेव्हापासून मी त्यांच्या दवाखान्यात, उपचाराच्या उंच पलंगाभोवती, कड्यांना लटकतो आहे. बाहेर बाकावर बसलेले लोक माझं कौतुक करत. आत झोपलेल्यांच्या वाट्याला माझं फिकट अंग येई.

मला माणसांची भारी उत्सुकता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, मान धरलेले रंगारीकाका, सगळ्यांची गाऱ्हाणी मी कान देऊन ऐकली. पण एक गोष्ट कळत नसे. मॅडम घाईत मला खर्रकन सरकवत. बाहेर नाव लिहून घेणारी ताई कात्री मागायला सरळ डोकं आत घाली. झोपलेलं माणूस चादर गळ्यापर्यंत ओढून घेई आणि हसून म्हणे, "असू द्या, असू द्या." पायाची बोटं मात्र आकसलेली असत. मग खरं कोणाचं मानायचं, तोंडाचं की बोटांचं?

अशातच एका दुपारी एक शाळकरी मुलगी आईबरोबर आली. उन्हाळा असूनही अंगात जाड जॅकेट. तिच्या पाठीचा कणा एका बाजूला वळत चालला होता आणि वेळेवर व्यायाम सुरू केले नाहीत, तर तो आणखी वळणार होता. इथे यायला ती कितीतरी दिवस तयार नव्हती.

"छकुली, जॅकेट काढ ना," आई म्हणाली.

"आई, इथे छकुली म्हणू नकोस."

मॅडम समोर बसल्या. "मी तुझी पाठ बघेन, मग कण्यावरून बोटं फिरवेन. दुखणार नाही. चालेल?"

मुलीने विचार केला. "चालेल."

तिने मागून उघडणारा अंगरखा घातला आणि पालथी झोपली. मॅडम हात धुवायला बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या मागे शिकाऊ मुलामुलींचा घोळका होता. माझ्या कड्या खर्रकन सरकू लागल्या आणि मध्येच अडल्या.

मला आतून कोणीतरी धरलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही एकट्या बघणार होतात," माझ्याआडून मुलीचा आवाज आला. मूठ सुटत नव्हती.

आई कावरीबावरी झाली. "अगं, शिकायला आलेत बिचारे. सॉरी हं मॅडम." मग ती खाली वाकून कुजबुजली, "किती विनवण्या करून आणलंय तुला. आता नाही म्हणालीस आणि मॅडमनी लक्षच दिलं नाही तर?"

कुजबुज मॅडमना ऐकू गेली. त्यांनी माझ्यावरचा हात काढला. घोळक्याला बाहेर पाठवलं.

"ताई, ती नाही म्हणाली म्हणून माझे उपचार कमी होणार नाहीत," त्या आईला म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "मी तुला फक्त माझ्यापुरतं विचारलं होतं. चुकलं माझं."

मूठ जराशी सैल झाली. "पुढच्या वेळीही मी नाहीच म्हणाले तर?"

"तर नाही."

"आणि आधी हो म्हणून मध्येच नको वाटलं तर?"

"मध्येच थांबायचं."

मुलीने मला सोडलं. मग म्हणाली, "सगळे माझी पाठ बघतात. मला कुठे दिसते ती?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. आईने विचारून, तिने हो म्हटल्यावर, स्वतःच्या फोनवर तिच्या पाठीचा फोटो काढला. मुलगी तो बराच वेळ बघत बसली. "एवढंच? मला वाटलं, भयंकर असेल." मग मॅडम तिला कणा कुठून वळतो ते दाखवू लागल्या आणि तिने एकामागून एक प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडलं. जाताना जॅकेट तिच्या हातात होतं. दारातून मागे वळून ती म्हणाली, "आणि ही पानं बाहेरच्यांना कशाला? झोपून तर आम्हीच बघतो."

पुढच्या धुण्यानंतर मॅडमनी मला उलटा लावला.

मुलगी येत राहिली. आणि एक दिवस मी आतून सरकलो, तिच्याच हाताने, सावकाश. तिने बाहेर डोकावून सांगितलं, "शिकणाऱ्यांपैकी कोणीतरी एकीनेच यायचं. कुठे वळलंय ते मी दाखवणार. मॅडमनी मध्ये बोलायचं नाही." मॅडम खरंच बोलल्या नाहीत. त्यांना ते फार जड गेलं, हे मला त्यांच्या चुळबुळणाऱ्या पावलांवरून दिसलं.

आता बाकावरचे लोक म्हणतात, "काय हा विटका पडदा, बदला की." ऐकून थोडं वाईट वाटतं. पण माझं कोडं सुटलं आहे. जिकडे माणूस उघड्या अंगाने झोपलेलं असतं, ती माझी आतली बाजू.

मित्रांनो, मला दारासारखी कडी नाही. म्हणून तुम्ही कोणत्याही पडद्याबाहेर उभे राहाल, तेव्हा आधी विचारा, "येऊ का?" आणि तुम्ही आत असाल, तर उत्तर तुमचं. घाई करू नका. तोवर मी आडोसा धरून ठेवतो.