खडूची फुली

त्या इमारतीला राहणारेच पत्त्यांचा बंगला म्हणत. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती क्रेनने एकमेकींना टेकवायच्या, सांध्यातल्या सळया वेल्डिंगने जोडायच्या आणि वर सिमेंट भरायचं. असे नऊ मजले चाळीस वर्षांपूर्वी उभे राहिले. तेव्हाचा एक वेल्डर आता सून आणि नातीसोबत नवव्या मजल्यावर राहत होता. मुलगा तीन वर्षांपूर्वी आजाराने गेला.

दक्षिणेच्या भिंतीला कायम ओल. नातीचा खोकला हटत नव्हता. भिंतींना बाहेरून जाड अस्तर लावून त्यावर सोलर पॅनेल बसवणार, खोल्या त्याच विजेवर उबदार राहणार, असं कळलं तेव्हा सुनेला हायसं वाटलं. पोरीचा पलंग खोलीच्या मधोमध होता, तो भिंतीशी सरकवता यावा, एवढंच तिचं मागणं.

कामगारांना उभं राहायची परांची सातव्या मजल्यापर्यंत चढली आणि म्हाताऱ्याचं अन्नावरचं मन उडालं. एका दुपारी ताट सारून तो बोलला. सांधा जोडला की वेल्डरने खडूने फुली मारायची आणि साहेबाने फुल्या मोजून सही करायची, अशी तेव्हाची रीत. शेवटच्या आठवड्यात वेल्डिंगच्या कांड्या संपल्या, थांबायला कुणी तयार नव्हतं. या भिंतीचे सहा सांधे त्याने न जोडताच फुल्या मारल्या होत्या. ते सांधे दरवर्षी केसभर उघडत, तिथूनच पाणी आत येत होतं. त्यात आता अस्तराचं आणि पॅनेलचं ओझंही याच भिंतीवर पडणार होतं.

"म्हणून हे घर मी मागून घेतलं," तो म्हणाला. "माझ्या फुलीपाशी दुसऱ्याची लेकरं कशी झोपवू?"

"आणि आपलं झोपवलंत," सून हळूच म्हणाली.

मग तिनेच त्याला गप्प राहायला सांगितलं. घर गेलं तर पोरीला घेऊन जायचं कुठे? इतकी वर्षं उभी आहे भिंत, राहील अजून. तो मान खाली घालून बसला.

तिसऱ्या दिवशी परांची खिडकीशी आली. दोन कामगार भिंतीवर भार टाकून ड्रिल चालवत होते. मध्येच थांबून एकाने काचेतून नातीला वेडावून दाखवलं. ती हसली, हसताहसता खोकत सुटली. सुनेची नजर त्या दोघांवरून त्यांच्या भाराखालच्या भिंतीवर गेली आणि ती खाली जाऊन कामावरच्या इंजिनिअर बाईंना घेऊन आली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण नकाशा दाखवला. खालच्या मजल्यांवरचे सांधे त्यांनी उघडून पाहिले होते, सगळे पक्के निघाले. कागदावर फुल्यांचा आकडाही बरोबर होता. "आजोबा, इतक्या वर्षांनी आठवणीत घोटाळा होतो."

सून आत गेली. नवऱ्याच्या पेटीतली छिन्नी आणि हातोडी तिने सासऱ्यांपुढे ठेवली.

"बाबा, दाखवा त्यांना."

त्याने भिंत चाचपून छिन्नी टेकवली, जागा चुकली नाही. सिमेंटची खपली पडली. गंजलेल्या सळयांची दोन टोकं दिसली, मध्ये चार बोटं पोकळी. बाजूला पांढरी फुली, आत्ताच मारल्यासारखी.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी."

बाईंनी आधी खिडकी उघडून परांचीवरच्या दोघा कामगारांना खाली उतरायला सांगितलं. त्या बाजूची सगळी घरं संध्याकाळच्या आत रिकामी करायची होती. जिन्यात आठव्या मजल्यावरची बाई बोचकं घेऊन उभी होती.

"चाळीस वर्षं तोंड शिवलं होतंत," ती म्हणाली. "आमचं आयुष्य सरेपर्यंत शिवलेलं ठेवायचं होतं."

म्हातारा भिंतीला धरून उतरत होता. प्रत्येक वळणावर सांध्यावर तळवा ठेवून पुटपुटत होता, "हा जोडलेला. हाही जोडलेला." वरून नातीला कडेवर घेऊन सून येत होती. पोरीचा खोकला जिनाभर घुमत होता आणि अजून सहा मजले उतरायचे होते.